शेतातून आल्यावर स्टेअरिंग वाकडं होतंय? अलाइनमेंटच्या मशीनवर जाण्याआधी काय तपासायचं

बीडला धुळे-सोलापूर हायवेलगत माझं गॅरेज आहे. येणाऱ्या गाड्या बहुतेक बोलेरो, पिकअप, स्कॉर्पिओ, थार, आणि दुसरी गाडी नाही म्हणून शेतात न्याव्या लागणाऱ्या स्विफ्ट-डिझायरसुद्धा. काही पवनचक्क्यांच्या साइटवर फिरतात, काही बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवर जातात, ऊसतोडीच्या दिवसांत थेट फडापर्यंत पोचतात. पावसाळा लागला की तक्रार ठरलेली असते: "दादा, पांदणीत नेली होती, तवापासून स्टेअरिंग वाकडं झालंय. अलाइनमेंट करून द्या." त्यातल्या कितीतरी गाड्यांची अलाइनमेंट आधीच झालेली असते. आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच.

असं पुन्हा पुन्हा होतं याचं कारण सरळ आहे. अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं. चाक धरून ठेवणारा एखादा भाग ढिला किंवा वाकलेला असेल, तर मशीनवर आज जुळवलेला कोन उद्या पहिल्याच चरात निसटतो. म्हणून अलाइनमेंट हे या सगळ्यातलं शेवटचं काम. त्याच्या आधीची बरीचशी तपासणी तुम्ही घरी, फुकटात करू शकता. ती केली तर पैसे वाचतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एखादा जीवघेणा दोष वेळेत हाती लागतो.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

"अलाइनमेंट गेली" या एका वाक्यात निदान पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

गाडी सरळ चालते, पण सरळ चालताना स्टेअरिंग एका बाजूला वळलेलं दिसतं. यात बहुतेक वेळा एका बाजूचा टायरॉड, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा, वाकलेला किंवा फिरलेला असतो, नाहीतर मागचा ॲक्सल जागेवरून सरकलेला असतो.

स्टेअरिंग सैल धरलं की गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढते. यात हवा, टायर, चिकटलेला ब्रेक आणि मग वाकलेला आर्म (चाकाला चासीशी जोडणारा भाग), या क्रमाने संशय घ्यायचा.

ठरावीक वेगाला, साधारण ७० ते १०० च्या दरम्यान, स्टेअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं. हा अलाइनमेंटचा दोष जवळजवळ कधीच नसतो. चाकाचा तोल बिघडलेला असतो.

गाडी रस्त्यावर भटकते, स्टेअरिंगला खेळ (ढिलेपणा) आलाय, किंवा खड्ड्यात आणि वळणावर टक-टक आवाज येतो. इथे जॉइंट, बुश (सांध्यातलं रबर), बेअरिंग, रॅक (स्टेअरिंग फिरवलं की टायरॉड सरकवणारा भाग) यांतलं काहीतरी ढिलं आहे. ही तक्रार असेल तर खालच्या सोप्या तपासण्या करा, पण गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका.

वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, जड लागतं. पुढच्या टायरांत हवा कमी असेल तरी असं होतं. हवा बरोबर असूनही होत असेल तर कोरडा पडलेला बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाक वळू देणारा गोळ्याचा सांधा) किंवा मागे ढकलला गेलेला आर्म हे कारण असू शकतं.

दोन तक्रारी एकत्र असतील तर दोन्ही लिहून ठेवा. गॅरेजमध्ये "गाडी बिघडली" एवढंच सांगण्यापेक्षा "८० ला थरथरते आणि ब्रेक दाबल्यावर उजवीकडे जाते" असं सांगितलं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

चिखल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. चिकण भाग जास्त, ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून घट्ट होते. पांदणीतून गाडी निघाली की ही माती रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या अंगाला थापली जाते. रात्रभरात वाळते. बाहेरून गाडी धुतली तरी आतलं ढेकूळ तसंच राहतं, कारण पाण्याचा फवारा तिथे पोचतच नाही.

चाक बॅलन्स करताना जी शिशाची किंवा लोखंडाची वजनं लावतात ती ५-१० ग्रॅमच्या पटीत असतात. एवढ्याशा फरकाने स्टेअरिंग थरथरतं, तर रिमच्या आत एका बाजूला पाव किलो माती चिकटल्यावर काय होईल याचा अंदाज करा. समृद्धी महामार्गावर कारला १२० पर्यंतचा वेग चालतो. सकाळी जालन्याजवळच्या शेतातून निघून थेट समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांची हीच तक्रार मी सतत ऐकतो.

प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून, टॉर्च लावून बघा. माती पाण्याने भिजवून लाकडी काडीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, जॉइंटवरची रबरी टोपणं (बूट) फाटतात. प्रेशरचा फवारा जॉइंटच्या रबरावर आणि बेअरिंगच्या सीलवर जवळून मारू नका, पाणी आत शिरून महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागतं. ब्रेक डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्यात मुरमाचा खडा अडकला असेल तर करकर आवाज येतो, तोही याच वेळी काढून टाका.

माती काढताना रिमच्या कडेवर एखादा चौकोनी चकचकीत डाग दिसतो का बघा. तिथलं बॅलन्सचं वजन पडलंय. मग नुसत्या धुण्याने थरथर जाणार नाही, बॅलन्सिंग करावं लागेल. ते अलाइनमेंटपेक्षा वेगळं काम आहे.

हवा आणि नट

चिखलातून किंवा नदीच्या वाळूतून गाडी काढायला बरेच जण टायरची हवा कमी करतात. ते योग्यच आहे. पण नंतर चारही टायर सारखे भरले जात नाहीत. पुढच्या दोन टायरांत चार-पाच पीएसआयचा फरक असला की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. तापलेल्या डांबरावरून आलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं आणि ते पाहून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी भरतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. प्रत्येक हवेच्या मशीनचा काटा वेगळं बोलतो, म्हणून एक साधा गेज गाडीत ठेवा आणि चारही टायर त्याच गेजने मोजा.

मग चाकाचे नट. शेतात पंक्चर झालं, चिखलातच स्टेपनी बसवली, असं झालं असेल तर हे आधी बघा. हब (रिम ज्यावर बसते तो भाग) आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात तिथे माती राहिली की रिम सपाट बसत नाही. नट आवळलेले वाटतात, पण माती चुरडून निघून गेली की ढिले पडतात. चाक काढा (जॅकची काळजी खाली "ढिलेपणा शोधणं"मध्ये दिलीय, ती आधी वाचा), हबचा तो चेहरा आणि रिमची बसायची जागा पुसून घ्या, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पुढे ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. चाकाचा नट ढिला असताना केलेली बाकी सगळी तपासणी फसवी ठरते.

टायर आणि रिम हाताने, डोळ्याने

टायरच्या दोन्ही बाजूंच्या भिंती बघा, आतल्या बाजूची विसरू नका. धारदार दगडावर किंवा बांधाच्या कडेवर आपटलेल्या टायरला फुगा येतो. आतले दोर तुटलेले असतात. फुगा दिसला तर तो टायर बदला, त्याच्यावर आणखी काही तपासायचं नाही.

फुगा नसेल तर टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत, धार लागल्यासारखं वाटलं तर टो बिघडलाय. चाकांचे पुढचे भाग एकमेकांकडे वळलेत की बाहेर, हा कोन म्हणजे टो. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बघावा लागतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर हवा कमी ठेवून गाडी चालवली गेली आहे.

गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघा. ओढ उलट बाजूला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरचा आहे आणि अलाइनमेंटवर पैसे घालवायची गरज नाही. ओढ होती तशीच राहिली तर दोष गाडीत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि उत्तर पक्कं मिळतं. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं करू नका.

रिम वाकलीय का हे पाहायला चाक उचला, जवळ एक काडी स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. काडी आणि रिमची कड यांतली फट एकसारखी राहिली पाहिजे. लोखंडी रिम थोडी वाकलेली असेल तर सरळ करून घेता येते. अलॉयला चीर गेली असेल तर ती वेल्डिंग करून वापरू नका.

रस्ता फसवतो

गाडी ओढते की नाही हे ठरवायच्या आधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, साधारण २ ते अडीच टक्के. म्हणजे दर मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे जाते. पठारावर, जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे जून-जुलैचा वारा बोलेरोसारख्या उंच गाडीला सहज ढकलतो. म्हणून सपाट आणि मोकळ्या जागेत, ४०-५० च्या वेगाला, एकदा जाताना आणि एकदा येताना बघा. हात स्टेअरिंगवरच ठेवा, फक्त पकड हलकी करा. वाहत्या हायवेवर हात सोडून कुणीही ही चाचणी करू नये.

त्याच फेरीत ब्रेकही कळतो. पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावत चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. हात टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच तापलं असेल तर कॅलिपर (ब्रेक डिस्कला दाबणारा चिमटा) मातीने जाम झालाय आणि गाडी त्या बाजूला ओढते. गॅरेजमध्ये कॅलिपर साफ करून त्याच्या सरकत्या पिनांना ग्रीस लावल्यावर ही ओढ जाते. मशीन हा दोष दाखवत नाही.

स्टेअरिंग वाकडं आणि गाडी सरळ, हे होतं कसं

इथे थोडं थांबतो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

सरळ रस्त्यावर गाडी कुठे जाणार हे मागची चाकं ठरवतात. पुढची दोन चाकं टायरॉडने एकमेकांशी बांधलेली असतात. त्यांच्यातला एकूण टो बदलला तरी चालताना ती तो फरक आपसात वाटून घेतात आणि गाडी सरळच राहते. एका बाजूचा टायरॉड आखूड झाला की फरक दिसतो तो स्टेअरिंगमध्ये. बैलजोडीतला एक बैल आखडून चालला तरी गाडी रस्त्यानेच जाते, जू मात्र तिरकं होतं, तसंच. म्हणून स्टेअरिंग अचानक वाकडं झालं असेल तर खालची कुठलीतरी लांबी बदललीय हे नक्की.

शेतात हे घडतं कसं? ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत पुढचं चाक उतरतं, ड्रायव्हर बाहेर निघायला स्टेअरिंग पूर्ण वळवून जोर देतो, चाक चाकोरीच्या भिंतीला अडतं आणि सगळा जोर टायरॉडवर येतो. किंवा गवतात लपलेला दगड चाकाच्या पुढच्या कडेवर बसतो. टायरॉड वाकला की दोन टोकांमधलं अंतर कमी होतं. रॅक ॲक्सलच्या मागे असेल तर त्यामुळे चाकाची पुढची बाजू बाहेर वळते, रॅक पुढे असेल तर आत.

गाडीखाली न जाता एवढं करता येतं. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकामागे टॉर्च मारा. टायरॉड सरळ दांडा असतो, वाकलेला डोळ्याला दिसतो. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. टायरॉड जिथे त्याच्या एंडमध्ये फिरून बसतो तिथे एक लॉकनट असतो. तो हाताने फिरला तर पुन्हा पुन्हा होणाऱ्या दुखण्याचं मूळ सापडलं. अलाइनमेंट करताना हा नट ढिला करून टायरॉड फिरवतात, आणि नंतर नीट आवळला नाही तर खडबडीत वाटेवर टायरॉड पुन्हा फिरतो. "चार दिवसांनी परत वाकडं" अशी तक्रार आली की मी पहिला हात याच नटाला लावतो.

टायरॉड वाकलेला असेल तर तो बदलायचा. गॅसने तापवून हातोड्याने सरळ करून देणारे गावोगाव आहेत. कृपा करून तसं करून घेऊ नका. तापवल्याने पोलादाची ताकद बदलते, आणि तो दांडा पुढे कधी तुटेल हे कुणालाच सांगता येणार नाही. नव्या टायरॉडला लागणारा पैसा या जोखमीपुढे काहीच नाही.

ढिलेपणा शोधणं

इथे गाडी जॅकवर उचलायची आहे, म्हणून आधी काळजीचं बोलतो; वर सांगितल्याप्रमाणे चाक काढताना-उचलतानाही हीच काळजी घ्यायची. काळ्या रानात, मऊ जमिनीवर जॅक लावू नका. तो एका बाजूने खचतो आणि गाडी घसरते. फरशी किंवा काँक्रीट असलेली जागा घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. खाली लोखंडी घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) नसेल तर ही तपासणी गॅरेजवर सोडा.

चाक उचललं की वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट. ज्या गाड्यांची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, त्यांना जॅक आर्मच्या खाली, बॉल जॉइंटजवळ लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि खेळ लपतो.

दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, कारण तीत गाडीचं वजन चाकांवरच राहतं. गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं भराभर हलवायचं. दुसऱ्याने बाजूने वाकून टायरॉड एंडकडे बघायचं. दांडा हलतो पण चाक जरा उशिरा हलतं, असं दिसलं की तो जॉइंट गेला. रॅकचं अख्खं शरीर बाजूला सरकत असेल तर त्याचे बोल्ट किंवा बुश ढिले आहेत. हात मध्ये घालू नका.

जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय का हे याच वेळी बघा. फाटक्या बुटातून ग्रीस बाहेर जातं आणि चिखल आत. काळी माती वाळून झालेली बारीक पूड त्या गोळ्याला घासत राहते. असा जॉइंट आज घट्ट वाटला तरी एका पावसाळ्यात संपतो. बूट फाटलेला दिसला की जॉइंट बदलायच्या यादीत घाला, आवाजाची वाट बघू नका.

जिप्सी किंवा जुन्या जीपसारख्या, पुढेही अख्खा ॲक्सल आणि कमानपाटे असलेल्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग अचानक जोरात नाचायला लागतं आणि वेग खूप कमी होईपर्यंत थांबत नाही. त्या वेळी स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी हळूहळू थांबवा. मग टायरॉड, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), किंगपिन बेअरिंग (चाक ज्या पिनवर वळतं तिचं बेअरिंग), पाट्यांचे बुश असं एकेक तपासा. अनेक जण फक्त स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकतात. त्याने नाच काही दिवस दबतो, ढिलेपणा तिथेच राहतो आणि वाढतो.

मागचा ॲक्सल: ज्याच्याकडे कुणी बघत नाही

बोलेरो आणि पिकअपला मागे कमानपाटे असतात. ॲक्सल पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो आणि त्याला जागेवर धरतो तो सेंटर बोल्ट. सोयाबीनची पोती भरून बांध ओलांडताना, चरात आपटताना हा बोल्ट तुटतो. यू-बोल्टच्या जोरावर गाडी चालत राहते, पण ॲक्सल एका बाजूने पुढे-मागे सरकतो. मागची चाकं तिरकी ढकलतात, आणि सरळ जायला ड्रायव्हरला स्टेअरिंग वळवून धरावं लागतं. मागून येणाऱ्याला गाडी तिरकी चालताना दिसते. अशा गाडीची पुढची अलाइनमेंट कितीही वेळा करा, काही उपयोग नाही.

टेपने मोजा. चाकं सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं अंतर. दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं, टेप धरण्यातही तेवढी चूक होते. एक सेंटीमीटरच्या आसपास फरक आला तर ॲक्सल किंवा पुढचा आर्म हललेला आहे. यू-बोल्टजवळ पाट्यांवर घासल्याची चकाकी दिसली तर शंकाच नको. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट दोन्ही नवे टाका, ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा आवळत नाही. थोडं चालवल्यावर ते परत एकदा आवळून घ्या.

थांबा, इथून पुढे तुमचं काम नाही

खालचं काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजलाही आणू नका, टोइंगवाल्याला बोलवा. शक्यतो अख्खी गाडी वर घेणारा फ्लॅटबेड मागवा.

बॉल जॉइंटला किंवा टायरॉड एंडला डोळ्याला दिसेल एवढा खेळ आहे. हा जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं आणि स्टेअरिंगचा चाकाशी संबंध तुटतो. आर्म, नकल (हब आणि चाक धरून वळणारा भाग) किंवा चासीला चीर आहे. चाक एका बाजूने झुकलेलं दिसतं किंवा वळताना शॉकअपला, मडगार्डला घासतं. स्टेअरिंग मध्येच अडकतं. ब्रेकचं तेल गळतंय. एअरबॅगचा किंवा पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागलाय.

आर्म, सबफ्रेम, शॉकअप वाकल्याचा संशय असेल तर सस्पेन्शनचं काम करणारं गॅरेज हवं, टायरचं दुकान पुरणार नाही. चासी वाकली किंवा चिरली असेल तर चासीची मापं घेणाऱ्या वर्कशॉपकडेच जा. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करून घ्यायचं नाही, करणारा कितीही ओळखीचा असला तरी. विम्याचा दावा करायचा असेल तर काहीही उघडण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

आणखी दोन गोष्टींना ठाम नकार द्या. पहिली, स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवून देणं. वरचं चाक सरळ दिसतं, खालचा वाकलेला टायरॉड तसाच राहतो, आणि रॅक मधोमध नसल्याने एका बाजूला गाडी कमी वळते. शिवाय जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. ती त्याच व्हीलमध्ये असते, हात लावायला ती जागा नाही. दुसरी, कॅम्बर काढण्यासाठी हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअप किंवा नकल वाकवणं. स्विफ्टसारख्या बऱ्याच गाड्यांत फक्त टो जुळवायची सोय दिलेली असते. त्यांचा कॅम्बर बिघडला याचा अर्थच काहीतरी वाकलंय. वाकलेलं शोधून बदलायचं असतं, दुसरं चांगलं वाकवून हिशेब जुळवायचा नसतो.

आता अलाइनमेंट

सगळं घट्ट आणि सरळ झालं की मशीनवर जा. पोती, अवजारं उतरवा, हवा बरोबर करा. वजनाने गाडी बसली की कोन बदलतात. काम सुरू होताना स्टेअरिंग मधोमध लॉक करायला सांगा आणि आधीचा व नंतरचा, असे दोन्ही छापील रिपोर्ट घ्या. त्यात मागच्या चाकांचेही आकडे हवेत. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल) ठळक फरक दिसला तर रिपोर्ट घेऊन परत गॅरेजला या, काहीतरी वाकलेलं अजून राहिलंय. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागू शकतो. दिवा लागला तर त्याच दिवशी करून घ्या.

गाडी खाली उतरवण्याआधी दोन्ही लॉकनट तुमच्यासमोर आवळून घ्या. मग नट आणि टायरॉड यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारा. पुढच्या वेळी पांदणीतून आलात की चिखल धुताना त्या रेघेकडे बघा. ती तुटलेली दिसली तर लॉकनट सरकलाय, आणि तेवढंच काम घेऊन गॅरेजला या.